बांधावरचं बिनकामाचं झाड

बडोदे

ती. बाबांना कौमुदीचा नमस्कार.

मी मजेत आहे, दाराला कडी लावूनच झोपते. दादाकडे नागपुरात तुमचा गुडघा कसा आहे?

सावली गावच्या आपल्या शेताचा बांध साफ करायला तुम्ही पाठवलेल्या रमणभाईंना मी काल चहा पाजून परत पाठवलं. कुऱ्हाड टेकवून ते म्हणाले, "बेन, आंबा-महुडा ठीक, पण आ झाड शा कामनुं?"

खरंच, हे झाड कशाच्या कामाचं? काहीच कामाचं नाही. आपण बांधावर आंबा, मोह अशी कामाचीच झाडं राखतो, म्हणून तर शेतापेक्षा जंगलात झाडांच्या जाती जास्त. तिथे कुणी काम विचारत नाही.

मी सासर सोडून आले, तेव्हा सगळे विचारत होते, हिचं आता काय करायचं? तुम्ही म्हणालात, "राहील इथेच."

झाडही राहील.

तुमचीच,
कौमुदी