मायचे बूट अन् उंबरा

७ डिसेंबर २००५, आर्णी
थंडीनं कहर केला. दुकानात शिलाई मशीन झाकूनच ठेवली. कापसाले भाव नाई, तं कपडे कोन शिवते.
सकाळी मायचे पाय चोळून देल्ले. टाचा अशा गार का आपल्यालेच हुडहुडी भरते. झोप नाई बुढीले. घमेल्यातल्या निखाऱ्यावर पाय धराले गेली अन् लुगड्याचा काठ जाळून बसली. मी बोललो तं म्हणे, "लुगडं माहं, पाय माहे. तुले कायचा घोर?"
घोरच हाये. पण सांगावं कोनाले.

११ डिसें.
सुनंदाचे घरवाले आले, आपले जावई. फौजेतून सुट्टीवर. पोस्टिंग लद्दाखले. बहिणीनं मायच्या पायाचं कळवलं असन, पिशवीतून बूट काढले. मेंढीच्या कातड्याचे. वरून मऊ कातडं, आत दाट लोकर. म्या हात घातला, तं काढू वाटेना.
जावई सांगत होते, तिकडचे मेंढ्या चारनारे लोक बापजाद्यापासून असंच घालतात. बुटाचे कारखाने बी नव्हते तवापासून. "लोकर बाहेर ठेवली तं ऊब मेंढीले, आत फिरवली तं आपल्याले. आपले धनगर घोंगडी अंगावर घेतात, थे पायाले घेतात."
माय कौतुकानं ऐकून राह्यली होती. मग म्हणे, "लय चांगले हायेत, बापू. पण ओसरीतच ठेवा."
जावयाचं तोंड एवढुसं झालं. मले माहीतच होतं हे होनार म्हून.

१२ डिसें.
जावयाले सांगतलं सगळं. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी माह्या बाबानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं. कातडं सोलाची सुरी नाल्यात फेकली अन् उंबऱ्याकडे बोट दाखवलं, आजपासून इथून आत कातडं येनार नाई. बाबा गेले, पण नेम हाये. माह्या कंबरेचा पट्टा आजबी ओसरीतल्या खुंटीवर. लहानपनी ढोलकीसाठी रडलो, भेटली नाई.
जावई म्हणे, "मले सुनंदानं काहून नाई सांगतलं?" तिच्या ध्यानातच नसन राह्यलं. लहानपनापासूनची सवय, आमाले त्याचं काई वाटतच नाई आता.

१३ डिसें.
मजाच झाली. जावयाचं मन मोडू नये म्हून मायनं ओसरीत बसून बूट घातले. घातले अन् गप्प. मी म्हटलं, टोचते काय? तं डोळे मिटून म्हणे, "चूप बस. पाय हायेत का नाईत तेच समजून नाई राह्यलं."
दुपारपर्यंत काढले नाई. शेजारची कौसल्याबाई आली, तिले एक पाय घालून पाहू देल्ला. एकच. मग गल्लीतल्या चार बाया आल्या. माय पायावर पाय टाकून लद्दाखच्या गोष्टी सांगे, जशी काई तिथूनच आली.
लय दिवसांनी हसताना पाह्यली. जीव थंड झाला माहा.

१५ डिसें.
आता नवीन झ्यांगट. बूट आत येत नाई अन् माय बूट काढत नाई. खाट ओसरीत घेतली. जेवन ओसरीत, झोप ओसरीत. धरलं तं चावते, सोडलं तं पळते.
पन झोपली. महिनाभरात पह्यल्यांदा घोरली.

१७ डिसें.
खोकला सुरू. माही बायको शकू माह्यावर चिडली, "पाय गरम करता करता छाती गार केली बुढीची." बरोबर हाये तिचं. ओसरीले बांबूचे तट्टे बांधले, वारा थांबत नाई.
दुकानात बसून जाड मांजरपाटाच्या खोळी शिवल्या, बुटावर चढवाले. कातडं दिसनारच नाई. डोकं चाललं म्हून खुश होतो. मायनं खोळ पाह्यली, शिलाई पाह्यली. म्हणे, "शिवली चांगली. पन पिशवीत घातलं म्हून बकऱ्याचं वांगं नाई होत बाबू."
शकू तोंडाले पदर लावून आत पळाली. मले बी हसू आलं अन् राग बी.

१९ डिसें.
डॉक्टर म्हणे बाहेर झोपू देऊ नका, वय झालं. जावई उद्या चालले, तोंड उतरलेलं. म्हणे, "मी वापस घेऊन जातो." मायनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.
मी ओरडलोच. "नेम तरी सोड नाई तं बूट तरी सोड. तुले काई झालं तं?" तिले काई झालं तं मी काय करू, हेच डोक्यात.
माय रागावली नाई. म्हणे, "तुह्या बाबाचे पाय असेच गार राहत. आखरीच्या हिवाळ्यात मी मांडीवर घेऊन बसत होती. त्याले कोनी देल्ले नाई असे."


२० डिसें.
सकाळी जावई निघाले. थे पाया पडले, तशी माय उठली अन् बूट घालूनच दारात उभी राह्यली. समोर आतल्या भिंतीवर बाबाचा फोटो. दाराची चौकट धरून त्याच्याशी बोलाले लागली, मी अन् जावई मागं.
"ऐकून घ्या. ते काम लोकायनं आपल्यावर लादलं होतं, म्हून तुमी सोडलं. बेस केलं. मी बी आजवर पाळलं. हे तं जावयानं मायेनं आनलं. याले बी तुमी तेच म्हनान काय?"
जावयाची गाडी सुटाची वेळ झाली तरी थे हालेनात. मी म्हटलं, माय, ये आत, बाबा कायले नाई म्हनन?
"तू मंधात बोलू नको."
शकूनं आतून विचारलं, चहा आत देऊ का बाहेर?
माय फोटोकडे पाहतच म्हणे, "थांब जराशी. त्याले विचार कराले वेळ लागते."