जाणाऱ्यांचा सत्कार

४ जाने., रवि.
आज पुन्हा आमचं घर बघायला गिऱ्हाईक आलं. वडनेरचे साटोणे, सोबत म्हातारी आई. शेती तिकडेच, पण मुलांच्या शाळेसाठी वर्ध्यात घर हवं. आजींनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, पेरूच्या झाडाला हात लावला. सौ.ने सगळं हौसेनं दाखवलं, गच्चीवरसुद्धा नेलं. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती वर पाऊल टाकत नाही. मी आपला मागे मागे, पाहुण्यासारखा.

संध्याकाळी मंदारचा पुण्याहून फोन. "बाबा, घर विकून पुण्याला यायचं आईनं ठरवलंय. तुम्ही उगाच लांबवू नका." ठरवलंय म्हणे. मी या घरात भाड्यानं राहतो जणू.

चैन नाही. उगाच फाटकापर्यंत जाऊन आलो.

७ जाने., बुध.
तिचं म्हणणं एकच. दिवाळीनंतर मी जाम गावी भाचीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला, गेलो, त्या दिवशी ती न्हाणीत पडली. दुपारी मी परतेपर्यंत हाका मारत होती. दोन्ही बाजूंना घरं, कुणी आलं नाही. "असा शेजार काय चाटाचा हाये?" सगळ्यांची दारं बंद, टीव्ही चालू. आमचंही तेच असतं.

पण वर्ध्यातली ही नालवाडी सोडून पुण्यात उंच मजल्यावर जाऊन बसायचं, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांकडे बघून हसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

म्हणून एक डोकं चालवलं. आमच्या ले-आउटचा, म्हणजे वसाहतीचा, कुटुंब दिन. मोकळ्या प्लॉटवर सगळी घरं एकत्र, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे अन् वांग्याची भाजी. माणसं एकदा जवळून दिसली की तिचं मन... पाहू.

समोरच्या वानखेडे सरांकडे गेलो. कॉलेजात शिकवतात, माइक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. मनातलं सांगून टाकलं: सौ. पुण्याला जायचं म्हणते, म्हणून कार्यक्रम रंगला पाहिजे. सरांनी माझा हात धरला. "डेहनकर भाऊ, चिंताच नोका करू. काकूंच्या जन्मभर ध्यानात राहीन असा करू."

११ जाने., रवि.
घरोघरी फिरलो. बहुतेकांचं "पाहू". एकानं विचारलं, "कोण उभं राहून राह्यलं इलेक्शनले?" कुणीच नाही म्हटल्यावर त्याचा संशय आणखी वाढला. ग्रुपवर मात्र सगळ्यांचे अंगठे वर.

डावीकडच्या राठीवहिनी, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणाल्या, "भाईसाब, दुकान बंद करून येऊ आम्ही. फक्त आमची भाजी बिना लसणाची पायजे." म्हटलं, वेगळं पातेलं ठेवू. इतकी वर्षं भिंतीला भिंत, अन् त्या लसूण खात नाहीत हे मला आज कळलं.

पाय दुखतात. पण बसवत नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
सौ. भांड्यांचे दोन ढीग लावून बसली आहे. एक पुण्याचा, एक वाटून टाकायचा. वाटून टाकायचा ढीग वाढतो आहे. मोठी परात त्यात दिसली. गुपचूप काढून पलंगाखाली सरकवली.

तिळगूळ देताना तिनं विचारलं, "तुमी कवापासून समाजसेवा करून राह्यले?"
"रिकामा माणूस. काही तरी पाहिजे."
"रिकामे तं होतेच. कवा शेजाऱ्याची लाइट गेली तरी खिडकीतून पाह्यलं नाई तुमी."
खरं आहे.

१७ जाने., शनि.
मांडव पडला. सतरंज्या आल्या. दुपारी ट्रॅक्टर थांबला, त्यात गोवऱ्या, अन् वरून साटोणे उतरले. वडनेरहून रोडग्यांसाठी गोवऱ्या घेऊन! मी वानखेडे सरांना बाजूला घेतलं.
"त्यांना काऊन बोलावलं?"
"अजी, चांगला माणूस हाये. लागंनच ना ओळख."
माझ्या मनाला ते पटलं नाही. पण गोवऱ्या वाळक्या, एक नंबर होत्या. उतरवून घेतल्या.

१८ जाने., रवि.
लिहू की नको.

सगळे आले. "पाहू"वालेसुद्धा, वर डबे घेऊन. पुरुषांनी आरावर रोडगे भाजले, अर्धे करपवले, तुपात बुडवून खाऊन टाकले. बायकांनी उखाण्यांची स्पर्धा लावली, सौ. परीक्षक. राठीवहिनींनी मारवाडीत उखाणा घेतला, कुणाला कळला नाही, तरी हिनं पहिला नंबर दिला. इतकी हसली की डोळे पुसत होती. मी लांबून बघत होतो. वाटलं, जमलं. खरंच तसं वाटलं.

मग सरांनी माइक घेतला. "आता ज्या क्षणासाठी आपण जमलो..." मला काही समजेना. "आपले डेहनकर काका-काकू आपल्याला सोडून पुण्याला चालले आहेत. त्यांचा हृद्य सत्कार." टाळ्या. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. सौ.ला साडी. लगेच साटोण्यांना अन् आजींना पुढे बोलावलं, "आपले नवे शेजारी", त्यांनाही नारळ. आम्ही चौघं रांगेत, समोर मोबाइल वर केलेले. थांबवायला मांडव घातला अन् त्याच मांडवात वाजतगाजत निरोप झाला. प्रेमानं केलं त्यांनी, हे आणखी वाईट. कुणी एकानंसुद्धा "जाऊ नका" म्हटलं नाही.

"काकू, दोन शब्द."

वाटलं नाही म्हणेल. तिनं माइक घेतला. जन्मात पहिल्यांदा. जमेल तसं आठवून लिहितो:

"मी पडली तं दुपारपर्यंत न्हाणीत होती. राठीवहिनींचा टीव्ही मले आयकू येत होता. मंग माया आवाज तिकडे काऊन नसंन गेला, हे मले अजून समजलं नाई. रागानं नाई सांगत. पण आता या आजी येऊन राह्यल्या. त्या पडल्या तं आयका."

माइक परत दिला अन् खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजींनी तिचा हात हातात घेतला. सर म्हणाले, "चला, आता मुलांची संगीत खुर्ची." गाणं लागायला बराच वेळ लागला.



१९ जाने., सोम.
राठीवहिनी मागच्या दारानं आल्या. ओट्याजवळ उभ्या राहून रडल्या. "भाभी, मला खरंच नाही ऐकू आलं." सौ. म्हणाली, "असू द्या." चहा झाला. जाताना त्यांनी घराची दुसरी चाबी मागितली. हिनं दिली. मंदारशिवाय कुणाकडे आमची चाबी नाही. नव्हती.

२१ जाने., बुध.
आता उलटंच. कोण ना कोण दार वाजवतं. "काकू, बरं आहे ना?" दुपारची झोप गेली. "हे लोक मले जगू देत नाई," सौ. म्हणते, अन् प्रत्येकासाठी आधण ठेवते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो, काही वाचता येत नाही. भांड्यांचे ढीग तसेच.

वानखेडे सर रुसले आहेत. "भाऊ, तुमीच सांगतलं होतं रंगला पायजे म्हणून." तिला थांबवायचं होतं, हे आज त्यांना सांगितलं. चूक माझीच. तेव्हा अर्धंच सांगितलं मी.

२४ जाने., शनि.
जेवणं झाल्यावर साटोण्यांचा फोन. त्यांच्या आईनं हट्ट धरला आहे, घर घ्यायचं तर हेच. "काकू बोलल्या ना, तवापासून तिचं दुसरं काई चालतच नाई. तिथल्या लोकायले आता मी माहीत हाओ, म्हणते. काय ते सांगा, मी उद्याच येतो."

सौ. समोर मेथी निवडत होती. सगळं ऐकू जात होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे अजून तिचं ठरत नाही आहे. दोन दिवस द्या."

फोन ठेवला तसा तिनं हात थांबवला.
"मायं नाई ठरून राह्यलं? मी तं दिवाळीपासून सांगून राह्यली. तुमचं काय हाये?"
मी फोन चार्जिंगला लावू लागलो.
"तो मांडव तुमी मायासाठी घातला होता ना?"
"कोणी सांगितलं?"
"वानखेड्यायच्या बायकोनं. साऱ्या ले-आउटले माहीत हाये. तुमी सरायले सांगतलं, सर साऱ्यायले सांगत गेले. मले सांगाले काय झालं होतं?"

मेथी घेऊन ती अंगणात गेली, पेरूखाली बसली आहे. खिडकीतून पाठ दिसते. राग आहे की नाही, पाठीवरून कळत नाही. मी इथं वही काढून बसलो. तिला काय सांगायचं ते शब्द जुळवून पाहिले. नोकरीत मोठमोठे खलिते लिहिले, इथं तीनच शब्द होतात. मले नाई जायचं. यावर ती काय म्हणेल, माहीत नाही. ती तरीही जायचं म्हणेल, तर मी जाईन, हेही खरं. ते आधी सांगू की नंतर?

उठतो आता.