जास्वंदीवरचे तेवीस

॥ श्री ॥
नांदेड

प्रिय विशाखा,

लातूरहून पाठवलेलं सगळं पोचलं. जास्वंदीवरची मावा कीड खाणाऱ्या लाल ढालकिड्यांचा डबा एक, जिवंत. त्यातला माहितीचा कागद एक, तो घडी न मोडता हिशेबाच्या वहीत ठेवला. कुरिअरचे एकशे दहा तुझ्या नावावर मांडलेत.

डबा आला तो एकादशीला. देवाच्या जास्वंदीवर, उपासाच्या दिवशी, कुणाला मावा खायला कसं सोडायचं? रात्रभर माठाजवळ गारव्याला ठेवला आणि द्वादशीला पारणं करून सोडले. हसू नकोस.

अर्धांगवायू झाल्यापासून तुझे अण्णा तोंड उघडत नव्हते. डॉक्टर म्हणायचे, बोलतं करा. मी रोज त्यांच्यापुढं स्तोत्रं म्हणून दमले. अन् किडे सोडल्यावर तिसऱ्या सकाळी खुर्चीत बसून, डावं बोट एकेका लाल ठिपक्याकडे नेत ते म्हणाले, तेवीस. मी दारातच बसले गं. मग रोज सकाळी आकडा. मावा कमी झाला तसे किडेही उडून चालले. सतरा, अकरा.

मग पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. लई घाण. मला वाटलं, नवीनच कीड, हीच अण्णांचे किडे खाऊन राहिली. ओल्या फडक्यानं पानन्‌पान पुसून काढलं. अण्णा मागं खुर्चीवर हात आपटत अं-अं करत होते. मी पाणी दिलं. पुन्हा आपटला, तर चहा आणला. त्यांनी तो सांडला. मी रागावलेसुद्धा.

काल महिन्याची बेरीज करताना कागद सापडला. सगळा इंग्रजीत, शेजारच्या ऋतुजानं वाचून दाखवला. त्याच अळ्यांचं चित्र, खाली लिहिलेलं, ढालकिड्याची पिल्लं. एकादशीला मी किड्यांना उपास घडवला, अन् ती पिल्लं स्वतःच्या हातानं मारली. अण्णांना सगळं दिसत होतं. ‘थांब’ हा शब्द तेवढा त्यांना सापडला नाही.

अळ्या पुसल्या त्या दिवसापासून आकडा बंद आहे. आज फुलं तोडायला गेले तर त्यांनी माझा पदर धरला. खालच्या पानाआड एक काळी अळी उरली होती. म्हणाले, एक. अन् माझ्याकडे बघत राहिले. ते मोजत होते, की मला अडवत होते, की झालं गेलं सोड म्हणत होते, मला काही उमगेना. मला कळलंय हे त्यांना सांगू का? माफी मागावी तर त्यांना उत्तर द्यावं लागेल, अन् शब्द आला नाही तर? फोन करू नकोस, तो त्यांच्या उशाशी असतो. पत्र मिळेल त्याच दिवशी चार ओळी लिहून टपालात टाक. तोवर जास्वंदीला हात लावत नाही, देवाला कण्हेर वाहते.

तुझीच,
आई