दुकानापुढच्या राखीव जागेबद्दल

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार केला असता, पण कंबर धरली आहे, म्हणून उभ्यानेच स्वीकारावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल. फक्त बाबा हल्ली दुकानात कमी आणि भर रस्त्यात स्टूल टाकून जास्त बसतात. त्याला कारण मी.

तुम्हाला ठाऊकच आहे, शेजारच्या चष्मेवाल्याची व्हॅन आमच्या दारात उभी असायची. मशीनवर उजेड पडायचा नाही, बाबांना भरदुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागायचा. तेवढ्यात नियम निघाला, की दुकानदारांना आणि त्यांच्या नोकरांना गाडी लावायला रस्त्यावर राखीव जागा मिळेल. घरात पदवीधर मी एकटी, तेव्हा अर्ज मीच करणार हे ओघाने आलं. नियम मी दोनदा वाचले (चष्मेवाल्याने एकदाही वाचले नव्हते, त्याला मी नागरिकाच्या कर्तव्यांविषयी थोडं ऐकवलं). बाबांच्या टेपने ओणवी होऊन रस्ता मोजला, कंबर तिथेच गेली. पण जागा मिळाली. पांढरे पट्टे, मधोमध आपला दुकान नंबर. बाबा गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याला दाराकडे वळवून ती दाखवायचे.

एकाने विचारलं, "मास्तर, गाडी कुठली घेतलीत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमांचा कागद काढला आणि प्रथमच उलटा केला. (दोनदा वाचली होती ती पुढची बाजू.) मागे लिहिलं होतं, की तपासणीच्या वेळी जागेत दुकानदाराची किंवा नोकराची गाडी नसेल तर जागा शेजारच्या दुकानाला जाईल. चष्मेवाला म्हणाला, "ताई, मागचं अक्षर बारीक आहे. नंबर काढून देऊ का?" तेव्हापासून बाबा तिथे स्टूल टाकून काजं करतात. उजेड भरपूर आहे म्हणतात, पण स्टुलाला गाडी म्हणता येत नाही. तपासनीस सोमवारी येणार आहे. जागा गेली की व्हॅन परत दारात.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुमच्या अंगणातल्या ज्या स्कूटरवर कोंबड्या बसतात, ती टेम्पोत घालून पाठवा. बुटकी आहे, उजेड अडवणार नाही.

ता. क. २. स्कूटर तुमच्या नावावर आहे आणि खोटं लिहिणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून नोकरांच्या यादीत "काजं-बटणं" या कामावर तुमचं नाव घातलं आहे. ते खरं ठरावं यासाठी सोमवारी नऊच्या आत कामावर हजर व्हावं.

ता. क. ३. बाबांना विचारूनच लिहिते आहे. "भावोजी, तुम्हाला काय, दिवसभर बसायचंच तर काम" असं तुम्ही आईच्या लग्नापासून म्हणत आलात, ते त्यांच्या लक्षात आहे. म्हणाले, "येऊ दे की त्याला. बसायचंच तर काम आहे."