लिंबासाठीचा अर्ज

सोलापूर,
१२ एप्रिल १९७४

चि. महिपतीस,
आक्काचा आशीर्वाद.

लंडनात नोकरी सांभाळून संध्याकाळी तू जंगलं वाचवणाऱ्या मंडळींची पत्रं फुकट टाइप करून देतोस, हे वाचून तात्यांनी तुझं पत्र सगळ्या गल्लीला दाखवलं. इथं होतास तेव्हा गल्लीचे अर्जही तूच टाइप करायचास की.

तू दारातल्या लिंबाची खुशाली विचारलीस. रस्ता रुंद करायला तो तोडणार, अशी नोटीस आली होती. तात्यांनी स्वतः हरकतीचा अर्ज लिहिला. चार पानं, त्यांच्या त्या सुंदर मोडीत. कचेरीतला कारकून म्हणाला, "आजोबा, मोडी कोण वाचतंय आता? टाइप करून आणा." टायपिंगवाल्यानं मला शुक्रवारी बोलावलं. बुधवारीच झाड पाडलं.

तात्या अजून तिथंच खुर्ची टाकून बसतात, भर उन्हात. आत चला म्हटलं की म्हणतात, "माझी रोजची जागा हाय ही." मी लई दमले रे.

हे पत्र ट्रंकेत ठेवते. तुला पाठवायचं दुसरं लिहिलंय, तात्यांनी सांगितलं तसं: सगळे बरे आहेत, लिंबाला मोहर आलाय. खाली त्यांनी मोडीत सही केली आहे.

तुझी,
आक्का