एकाच गोळीचे दोन तुकडे

अळणावर,
२० जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या पत्रात मी एक चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. आपल्या शेताखालच्या ओढ्यात सापडलेल्या चितळाच्या मादीला दोन गोळ्या लागल्या होत्या, एक ठासणीच्या बंदुकीची आणि एक रायफलीची, असं मी लिहिलं होतं. गोळी एकच होती. शवविच्छेदनात मला तांब्याचा वाकडा पत्रा आणि शिशाचा गोळा मिळाला. दोन जिन्नस, दोन बाटल्या. म्हणून अहवालात संख्येच्या रकान्यात मी दोन लिहून मोकळी झाले. शनिवारी एक्स-रे पुन्हा पाहिला. आत शिरल्याची जखम एकच आहे, आणि हाडाभोवती शिशाची बारीक कणी उधळली आहे. ठासणीची गोळी नुसत्या शिशाची आणि सावकाश येणारी. ती चपटी होते, अशी उधळत नाही. शिवाय गोळ्याच्या बुडाला तांब्याची कड रुतल्याची खूण आहे. म्हणजे रायफलीची एकच मऊ, उघड्या शिशाच्या नाकाची गोळी, हाडावर आपटून तांब्याचं वेष्टन एकीकडे आणि शिशाचा गाभा दुसरीकडे.

हे मला कळू नये? शाळेत घालण्याआधी पाच वर्षं तुम्ही मला घरी शिकवलंत. गोळी उभी कापून, त्यात तांबं किती नि शिसं किती, यावर अपूर्णांक शिकवलेत. इतरांना पेरू कापून शिकवतात.

माझ्या 'दोन'मुळे शेजारच्या शेतातला पुंडलिक पंधरा तारखेपासून तुरुंगात आहे. ठासणीची बंदूक गावात त्याच्या एकट्याकडे. काल त्याची बायको शेवंता दवाखान्यात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की आमच्या बंदुकीत दोन वर्षं दारू पडलेली नाही, नळीत गांधीलमाशीनं घर केलंय. बाई एवढ्या शिकलेल्या, एकदा वाकून नळीत तरी बघायचं होतं.

ज्यानं मारलं त्याची मात्र मला किळस येते. मऊ नाकाची गोळी दयाळू असते, जनावर जागीच पडतं, असं हे लोक चहा पिता पिता एकमेकांना सांगतात. ही दयाळू गोळी फुप्फुसापर्यंत पोचलीच नाही. मादी तीन पायांवर ओढ्यापर्यंत घसटत गेली आणि निदान सहा तास जिवंत राहिली. असला नेमबाज लग्नात हवेत बार काढायच्याच लायकीचा.

तुम्ही वकील. अहवाल कसा दुरुस्त करायचा ते कळवा. काकूंनी पाठवलेली संक्रांतीची गूळ-गव्हाची मादली पोचली, खाऊन संपलीही. माझ्या मूर्खपणासकट लोभ ठेवावा.

आपली,
भार्गवी


केलगेरी, धारवाड,
२४ जानेवारी २०२५

चि. भार्गवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोबाइलवर न खरडता कागदावर लिहितेस, एवढीच माझ्या शिकवण्याची कमाई दिसते. जनावरांची डॉक्टर झालीस, गोळ्यांची नव्हे. तुझी काकू म्हणते, हुच्ची मुलगी, अगदी वेडी, मेलेल्या चितळासाठी जेवण सोडून बसली असेल. वेळेवर जेवत जा, आणि ते सुतकी चेहऱ्याचे फोटो पाठवणं बंद कर.

आता थोडं शिकवतो, कारण शिकलेलं तू विसरलीस. मऊ नाकाच्या गोळीला फुलायला अंतर लागतं. दीडशे पावलांवर ती बरगड्यांत शिरते, फुलते, आणि जनावराला कळायच्या आत काम होतं. जवळून वेग फार असतो. त्यातून हाड आडवं आलं तर गोळी फुटतेच. आपल्याकडच्या गोळ्यांत गाभा वेष्टनाला नीट धरलेला नसतो. तो दोष कारखान्याचा. नेम बरगडीवरच होता, पण घोडा दाबताना जनावर वळलं आणि खांदा समोर आला. त्याला नेमबाज काय करील? जन्मात रायफल न धरलेल्या पोरीनं लग्नातल्या बारांच्या गोष्टी करू नयेत.

अहवालाला हात लावू नकोस. सही केलेला कागद बदलणारी डॉक्टर म्हणजे उद्या कोणीही उठून हसावं अशी डॉक्टर. पुंडलिकाचं म्हणशील, तर त्या लोकांना चार-दोन महिन्यांचं काही वाटत नाही. आत दोन वेळा जेवायला मिळतं. चार तारखेला त्याच्या जामिनाची सुनावणी आहे, बहुतेक सुटेल. न सुटला तर मी बघतो.

घरचं माणूस घरचंच राहावं, एवढं ध्यानात ठेव. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
अण्णा


अळणावर,
२९ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र सोमवारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. तुमच्या पत्रांनी नेहमी वाटते. काल पुन्हा वाचलं. माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला काढून तपासल्या. हाड लागलं हे मी लिहिलं होतं. खांद्याचं, हे नाही. आणि ते वळलं हे तर मलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त एका माणसाला दिसलं असणार. नेमाला नावं ठेवलेली तुम्हांला सोसली नाहीत. पुंडलिक तुरुंगात पडलेला सोसला.

म्हणून आता नेमबाजावर नाही, तुमच्यावर लिहिते. शेतात डुकरं येतात म्हणून तुम्हांला रायफलीचा परवाना मिळाला आणि तुम्ही चितळ मारलंत. जखमी जनावराच्या मागे उतरून ते संपवायलाही गेला नाहीत. ओढा दोनशे पावलांवर होता. मग माझी चूक तुमच्या सोयीची निघाली, तेव्हा तुम्ही मला सहीची अब्रू शिकवलीत. गरिबाला तुरुंगात जेवायला मिळतं म्हणता. तुम्हांलाही मिळेल, आणि दीडशे पावलांवरच्या गोष्टी ऐकायला तिथं माणसंही पुष्कळ असतील.

अक्षर वाईट आलं आहे, त्याबद्दल क्षमा असावी. काल शेवंताच्या घरी जाऊन चूक माझी होती असं सांगितलं. ती म्हणाली की चूक सांगायला बाई पायी आल्या, आता कचेरीलाही तशाच जा. चहा दिला नाही. बरोबर केलं.

काकूंना मी काही लिहिलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

दुरुस्त अहवाल, एक्स-रे आणि तुमचं पत्र घेऊन मी वनकचेरीत जाणार आहे. माझ्या आधी तुम्ही स्वतः गेलात तर तुमचं पत्र मी पाकिटातून काढणार नाही. लोभाचं तुम्ही ठरवा. माझा, कसा कोण जाणे, अजून आहे.

मी सोमवारी, तीन फेब्रुवारीला, सकाळी साडेदहाला जाईन.

भार्गवी