पायऱ्या नसलेला डोंगर

५ जानेवारी १९९७, रविवार
डोंगर पुन्हा फसला! तीन निळे त्रिकोण, एकावर एक, आणि शिखराच्या जागी कोरा कॅनव्हास. कोरं म्हणजे निराकार — असं मी शाळेत मुलांना ऐटीत सांगते. पण समोर उभी राहिले की नुसते त्रिकोण दिसतात. देव सोडा, वारासुद्धा नाही. अठरा तारखेला प्रदर्शनाला चित्र द्यायचंय. कोपरखैरण्याच्या या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, तोही खाणवाले रोज थोडा खातायत.

सासूबाई मागे येऊन उभ्या. "पायऱ्या कुठं हायत गं?"

म्हटलं, आई, हा मनातला डोंगर आहे. त्याला पायऱ्या नसतात.

"देव वर हाय म्हणतीस. मग माणसानं जायचं कुठनं?"

मला रागच आला.

८ जानेवारी
आईंचं एकच चाललंय — गावच्या डोंगरावरच्या देवीचा नवस राहिलाय. एकशे चाळीस पायऱ्या, प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढायचं. कसला नवस ते सांगत नाहीत. फिटल्याशिवाय सांगायचा नसतो म्हणे! आणि इथे डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाच्या दुखण्यापायी जिनासुद्धा बंद केलाय. आईंचा लेक असून अरविंद म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस, विसरेल ती."

११ जानेवारी
जमलं! शिखर आज खरंच लांब वाटलं.

१२ जानेवारी
सकाळी बघते तर डोंगरावर कुंकवाची बोटं! पायथ्यापासून वर, ओल्या रंगात रुतलेली. सतरा. ओरडले मी. काय काय बोलले ते लिहवत नाही. माझा पार्थ घाबरून गॅलरीत जाऊन बसला.

आई एवढंच म्हणाल्या, "हितंच चढत हुते. तेवढाच डोंगर जवळ हाय."

टर्पेंटाइनने सगळं पुसलं. त्या बघत होत्या.

१३ जानेवारी
आई जेवल्या नाहीत. ताट तसंच झाकून ठेवलं.

१५ जानेवारी
शाळेतून आले तर दाराला कुलूप. आईंची पिशवी नाही, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा नाही. किल्ली शेजारी. शेजारच्या मनाली म्हणाल्या, "आजी पनवेलहून एसटी पकडणार होत्या. तुम्हाला माहीत नाही?"

तिसऱ्या मजल्यावरून एकट्या उतरल्या! फोन केला तसा अरविंद महाप्याच्या कंपनीतून थेट गावाला निघाला.

१६ जानेवारी
फोन नाही. माझ्यामुळे गेल्या. दुसरं काय!

१७ जानेवारी
अरविंदचा फोन, साताऱ्याच्या दवाखान्यातून. आई बाविसाव्या पायरीवर कोसळल्या. आता शुद्धीवर आहेत. डोंगर मात्र कायमचा बंद. आता फिटायचा नाही म्हणून नवस सांगून टाकला — पार्थच्या जन्माच्या वेळी मी ऑपरेशनच्या टेबलावर होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हाचा. माझ्या जिवाचा.

चित्र उद्या जाणार नाही. बारीक ब्रश घेऊन पायऱ्या काढतेय. बावीस झाल्या. तेविसावीपासून जरा रुंद काढणार आहे, आईंचं बोट मावेल एवढ्या.